पंचवीस आकड्यांचा एक नंबर, अन् तुमचे प्रश्न

मागच्या अंकात पान संपताना एका कोपऱ्यात हा नंबर छापला होता : ३६०८५२८८५०३६८४००७८६०३६७२५. खाली एकच ओळ होती, की डावीकडून पहिले कितीही आकडे घ्या, जितके आकडे घेतले तितक्यानं तो तुकडा पूर्ण भागला जातो. जागाच तेवढी होती म्हणून तेवढंच टाकलं, तर त्यावर इतके मेसेज आले की या वेळचं अख्खं सदर त्यालाच देऊन टाकतो. ज्यांचा प्रश्न इथं दिसत नसेल त्यांचं उत्तर दुसऱ्या कोणाच्या तरी उत्तरात सापडेल, पाहून घ्या.

प्रश्न : आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर हाच नंबर फिरून राहिला आहे आणि त्यात लिहिलंय की १ पासून २५ पर्यंत सगळ्या संख्यांनी याला भाग जातो. पण शेवटी तर ५ आहे, मग २ नं भाग कसा जाईल? माझंच काही चुकतंय का? (एक ताई, मनीषनगर)

उत्तर : ताई, तुमचं काही चुकत नाही, फॉरवर्डच चुकीचा आहे. शेवटी ५ म्हणजे नंबर विषम, त्याला २ नं भाग जायचा प्रश्नच नाही, अन् २ नाही म्हणजे ४, ६, ८, १० सगळे गेले. लिहिणाऱ्यानं पूर्ण नंबर आणि त्याचा सुरुवातीचा तुकडा यात घोळ करून टाकला. गंमत तुकड्यांची आहे. ३ ला १ नं भाग जातो, ३६ ला २ नं, ३६० ला ३ नं, ३६०८ ला ४ नं (९०२ येतात), ३६०८५ ला ५ नं, ३६०८५२ ला ६ नं, ३६०८५२८ ला ७ नं (५१५५०४), अन् असं करत करत पूर्ण पंचवीस आकडी नंबरला २५ नं. प्रत्येक पायरीवर भागणारा वेगळा अन् भागला जाणारा पण वेगळा.

१ ते २५ सगळ्यांनी भागला जाणारा सर्वात लहान नंबर हवा असेल तर तो आहे २६७७११४४४००, म्हणजे लसावि, अन् तो फक्त अकरा आकडी आहे. त्याच्या कुठल्याही पटीला पण सगळ्यांनी भाग जातो, त्यामुळे असे नंबर ढीगभर मिळतील, त्यात विशेष काही नाही. आपल्या नंबरसारखा पंचवीस आकडी दुसरा मात्र एकही नाही, ते पुढे येतंच आहे.

प्रश्न : दादा, ७, १३, १७ असल्या संख्यांनी भाग जातो का हे हातानं कसं तपासायचं? बाबा मोबाइल घेऊ देत नाहीत. (इयत्ता दहावी, धरमपेठ)

उत्तर : बाबांना माझा नमस्कार सांग. बघ, २, ४, ८, १६ साठी शेवटचे अनुक्रमे एक, दोन, तीन, चार आकडे पाहायचे, ३ आणि ९ साठी आकड्यांची बेरीज, ५ आणि २५ साठी शेवटचे एक-दोन आकडे, हे तुला येतच असेल. १२ साठी ३ आणि ४ दोन्हींनी तपासायचं, २ आणि ६ नं नाही, कारण १८ ला २ नं पण भाग जातो, ६ नं पण जातो, तरी १२ नं जात नाही. तसंच १४ साठी २ आणि ७, १८ साठी २ आणि ९, २४ साठी ३ आणि ८.

आता ७, ११, १३. या तिघांचा गुणाकार आहे १००१. म्हणजे १००१ ला तिघांनीही भाग जातो, म्हणजेच १००० हा यांच्यासाठी −१ सारखाच वागतो. म्हणून नंबरचे उजवीकडून तीन-तीन आकड्यांचे गट पाडायचे अन् एक गट अधिक, पुढचा उणे, त्याच्या पुढचा अधिक, असं करत जायचं. आपल्या नंबरचा तेरा आकडी तुकडा घे : ३ ६०८ ५२८ ८५० ३६८. उजवीकडून, ३६८ − ८५० + ५२८ − ६०८ + ३ = −५५९. अन् ५५९ म्हणजे १३ × ४३. झालं, १३ नं भाग जातो. एवढा मोठा भागाकार मांडायची गरजच पडली नाही.

१७ साठी हेच, फक्त गट आठ आकड्यांचे, कारण १०००००००१ म्हणजे १७ × ५८८२३५३. शून्यं मोजून घ्यायची सवय लाव, १ नंतर सात शून्यं अन् मग परत १. सतरा आकडी तुकडा होतो ३ | ६०८५२८८५ | ०३६८४००७, अन् ३६८४००७ − ६०८५२८८५ + ३ = −५७१६८८७५, म्हणजे १७ × ३३६२८७५. हे शेवटचं तू स्वतः गुणून पाहा. १९ साठी गट नऊ आकड्यांचे, २३ साठी अकरा आकड्यांचे, पद्धत तीच.

प्रश्न : पंचवीसच काऊन? सव्वीस आकडी काऊन नाही? कोणी शोधला नाही का असूच शकत नाही? (महाल, एक निवृत्त वाचक)

उत्तर : काका, हा खरा प्रश्न आहे, अन् उत्तर पक्कं आहे की असूच शकत नाही. याला थोडी जागा लागेल.

असे नंबर बनवायची रीत सोपी आहे. एक आकडी नऊ, १ ते ९. प्रत्येकापुढे ० ते ९ पैकी एक आकडा लावायचा अन् २ नं भाग जातो तेवढे ठेवायचे. मग त्या प्रत्येकापुढे आणखी एक आकडा लावायचा, ३ नं भाग जातो तेवढे ठेवायचे. असं पुढे पुढे. दोन आकडी ४५ निघतात, तीन आकडी १५०, चार आकडी ३७५, पाच आकडी ७५०, मग १२००, १७१३, २२२७, अन् नऊ आकडी २४९२.

आता इथं पाहा. एका तुकड्यापुढे दहा वेगवेगळे आकडे लावले की लागोपाठच्या दहा संख्या मिळतात. लागोपाठ दहा संख्यांत ७ नं भाग जाणारी एक तरी असतेच, ८ नं जाणारी असतेच, ९ ची पण, १० ची पण. म्हणजे दहा आकड्यांपर्यंत कोणताही तुकडा अडकत नाही. दहाव्या जागी तर निवडच नाही, शून्यच लावावं लागतं, म्हणून दहा आकडी पण बरोबर २४९२ च. पण अकराव्या पायरीला लागोपाठ अकरा संख्या हव्यात अन् आपल्याकडे आहेत दहा. काही तुकडे तिथंच खलास. तिथून उतरण सुरू : २२२५, २०४१, १५७५, ११३२, ७७०, ५७१, ३३५, १८०, ९०, ४४, १८, १२, ६, ३, अन् पंचवीस आकडी १. सगळे मिळून २०४५६ नंबर, एक आकडी नऊ धरून.

चोवीस आकडी तीन आहेत म्हटलं, त्यातले दोन काऊन गळाले हे पण नुसता विचार करून कळतं. २५ नं भाग जायला शेवटी ००, २५, ५० किंवा ७५ हवेत. म्हणजे चोविसावा आकडा ०, २, ५, ७ यातलाच पाहिजे. पण चोवीस आकडी तुकड्याला २४ नं भाग जातो म्हणजे तो सम आहे, म्हणून ५ आणि ७ बाद. उरले ० आणि २. आपल्यावाल्याचा चोविसावा आकडा २ आहे, त्यापुढे ५ लावला अन् काम झालं. बाकी दोघांच्या शेवटी ४, ६ किंवा ८ आहे हे नंबर न पाहताच सांगता येतं.

आता सव्वीस. सव्वीस आकडी असा नंबर असता तर त्याचे पहिले पंचवीस आकडे स्वतः या नियमात बसले असते, अन् पंचवीस आकडी तर एकच आहे. म्हणजे तपासायचं फक्त एवढंच की याच्यापुढे कोणता आकडा लावला तर २६ नं भाग जाईल. शून्य लावून २६ नं भागलं तर बाकी उरते १२. म्हणजे पूर्ण भाग जायला अजून १४ हवेत. आकडा तर ९ पर्यंतच लावता येतो. दुसऱ्या बाजूनं पाहिलं तर १३ नं भाग जाण्यासाठी १ लावावा लागतो, अन् २ नं भाग जाण्यासाठी सम आकडा लागतो, १ काही सम नाही. संपलं. कोणाला सापडला नाही असं नाही काका, जागाच नाही त्याला.

मला स्वतःला या नंबरचं कौतुक याचसाठी आहे. आकड्यांच्या बहुतेक गमतींत पुढे काय आहे कोणालाच माहीत नसतं, शोधत राहा म्हणतात. इथं यादी सुरू होते, फुगते, बारीक होते अन् बंद होते, अन् शेवटचा कोण ते बोट ठेवून दाखवता येतं.

प्रश्न : या नंबरमध्ये १ आणि ९ हे आकडेच नाहीत, आणि ३ बरोबर पहिल्या, अकराव्या आणि एकविसाव्या जागी आहे. याचा काही संकेत असेल का? गाडीसाठी शुभ आहे का? (इतवारी, व्यापारी)

उत्तर : तुमचं निरीक्षण एकदम बरोबर आहे शेठ, मी पण मोजून पाहिलं. शून्य पाच वेळा, आठ पाच वेळा, सहा चार वेळा, अन् चार फक्त एकदा. १ आणि ९ नसण्याचं अर्धं कारण तर नियमातच आहे. सम जागी सम आकडेच येऊ शकतात, म्हणून बारा जागा आधीच गेल्या, आणि पाचव्या, पंधराव्या, पंचविसाव्या जागी फक्त ० किंवा ५ चालतो. उरल्या दहा जागा, त्यात १ किंवा ९ नाही आला तर तेवढं काही आश्चर्य नाही. ३ च्या जागांमागे काहीच कारण नाही, योगायोग आहे. अन् शुभ-अशुभाचं मला विचारू नका, पंचवीस आकडे पाटीवर बसणार पण नाहीत.

प्रश्न : हा हर्षद नंबर आहे का? मुलांना कापरेकरांबद्दल शिकवताना हा पण सांगावा म्हणते. (शिक्षिका, प्रतापनगर)

उत्तर : मॅडम, नाही. हर्षद म्हणजे ज्याला स्वतःच्याच आकड्यांच्या बेरजेनं भाग जातो. इथं बेरीज ११०, अन् नंबर विषम, त्यामुळे ११० नं भाग जाणं शक्य नाही. पण सुरुवातीचे तुकडे ३६ आणि ३६० दोन्ही हर्षद आहेत, दोघांची बेरीज ९.

कापरेकरांचं सांगायचंच असेल तर याचे पहिले चार आकडे घ्या, ३६०८. दत्तात्रय रामचंद्र कापरेकर (१९०५–१९८६), देवळालीच्या शाळेतले शिक्षक, त्यांची ६१७४ वाली क्रिया मुलांना फळ्यावर करू द्या. आकडे उतरत्या क्रमानं लावून त्यातून चढता क्रम वजा करायचा : ८६३० − ०३६८ = ८२६२, मग ८६२२ − २२६८ = ६३५४, मग ६५४३ − ३४५६ = ३०८७, मग ८७३० − ०३७८ = ८३५२, अन् ८५३२ − २३५८ = ६१७४. तिथून पुढे कितीही करा, ६१७४ च येतो. चारही आकडे सारखे नसले म्हणजे झालं, कोणत्याही चार आकड्यांनी सुरू केलं तरी तिथंच पोचतात.

प्रश्न : १ ते ९ हे आकडे एकेकदाच वापरून असा नंबर बनतो का? कॉलेजमध्ये पैज लागली आहे. (अंबाझरी रोड)

उत्तर : बनतो, अन् एकच बनतो. ३८१६५४७२९. पैज कोणत्या बाजूनं लावली होती ते कळवलं नाही तुम्ही. पण उत्तरापेक्षा तिथवर जायची वाट भारी आहे, कागद घेऊन बसा.

शून्य नाही, म्हणून पाचव्या जागी ५ च. सम जागी सम आकडे, म्हणून २, ४, ६, ८ हे दुसऱ्या, चौथ्या, सहाव्या, आठव्या जागी, अन् १, ३, ७, ९ उरलेल्या विषम जागी. आता चौथ्या जागेच्या आधी विषम आकडा आहे, अन् ४ नं भाग जायला हवा, तर १२, १६, ३२, ३६ असंच काही चालतं, म्हणजे चौथा आकडा २ किंवा ६. आठव्या जागेचं पण तसंच, तिथं पण २ किंवा ६. म्हणून ४ आणि ८ दुसऱ्या आणि सहाव्या जागी. पहिल्या तीन आकड्यांची बेरीज ३ च्या पटीत, पहिल्या सहांची पण, म्हणून मधल्या तिघांची पण ३ च्या पटीत हवी. २, ५, ८ चालतात, ६, ५, ४ चालतात, बाकी जोड्या नाही.

मधले २५८ घेतले तर, आठव्या जागी ८ नं भाग जायला हवा हे पण धरून, सात आकडी दोनच तुकडे टिकतात, १४७२५८९ आणि ७४१२५८९. मधले ६५४ घेतले तर आठ टिकतात. या दहांना ७ नं भागून पाहा, नऊ जण बाकी ठेवतात, फक्त ३८१६५४७ पूर्ण जातो, ५४५२२१ येतात. पुढे २ आणि ९ आपोआप. ७ सोडला तर बाकी सगळं काम तर्कानंच होतं, अन् ७ नं मात्र दहाही जणांना लाइनीत उभं करून तपासावं लागतं, त्याला शाळेपासून अशीच सवय आहे.

याच्यापुढे ० लावला की ३८१६५४७२९०, दहाही आकडे एकेकदा, अन् नियम दहापर्यंत पाळतो. प्रतापनगरच्या मॅडमसाठी, हा हर्षद पण आहे, बेरीज ४५.

प्रश्न : मी स्प्रेडशीटमध्ये तपासायला गेलो तर शेवटचे आकडे शून्य होऊन जातात आणि १७ ला पोचलो की भाग जात नाही. छापताना चुकलं का? (अकाउंट्सवाला, सदर)

उत्तर : छपाई बरोबर आहे. स्प्रेडशीट साधारण पंधरा आकडेच नीट सांभाळते, त्यापुढचे शून्य करून टाकते, म्हणून तुमचा नंबर तिच्या डोक्यात ३६०८५२८८५०३६८४० अन् पुढे दहा शून्यं असा बसला. सेलला आधी टेक्स्ट केलं तर आकडे दिसतील पण भागाकार होणार नाही. पायथनमध्ये टाका, तिथं पूर्णांक कितीही लांब चालतो. वर महालच्या काकांना सांगितलेली अख्खी यादी पण आठ-दहा ओळींच्या प्रोग्राममध्ये निघते, एका वेळी जास्तीत जास्त २४९२ नंबर धरावे लागतात, तुमच्या ऑफिसच्या सर्वात जुन्या कॉम्प्युटरवर पण क्षणात होतं.

प्रश्न : याचा उपयोग काय?

उत्तर : काही नाही.

प्रश्न : हा वाचायचा कसा? आजी विचारते. (नंदनवन)

उत्तर : आजींना सांग, भास्कराचार्यांच्या लीलावतीत एकं, दहं पासून परार्धापर्यंत जी नावं आहेत त्यात परार्ध म्हणजे १ वर सतरा शून्यं. त्या हिशेबानं हा नंबर तीन कोटी साठ लाख पंच्याऐंशी हजार दोनशे अठ्ठ्याऐंशी परार्ध अन् वर थोडं. ते थोडं म्हणजे सतरा आकडे आहेत, ते आजींना नको वाचायला लावू.

प्रश्न : व्हरायटी चौकात सिग्नलला थांबलो की मी गाड्यांच्या नंबरवर हे करून पाहतो. फार कमी मिळतात. बरोबर आहे का? (इयत्ता आठवी, रामदासपेठ)

उत्तर : मागच्या सीटवर बसून करत असशील तर बरोबर आहे. चार आकडी एकूण ९००० नंबर, त्यातले ३७५ या नियमात बसतात, म्हणजे सरासरी २४ गाड्यांमागे एक. शून्यानं सुरू होणारे सोडून दे. पटकन पाहायचं असेल तर तीनच गोष्टी : दुसरा आकडा सम, पहिल्या तिघांची बेरीज ३ च्या पटीत, शेवटच्या दोघांना ४ नं भाग. दुसरा आकडा विषम दिसला की पुढे पाहूच नको, अर्ध्या गाड्या तिथंच बाद होतात. १२३६ बसतो, ३६०८ तर बसतोच. नागपूरची पाटी एमएच ३१ असो की ४९, जे लोक जास्तीचे पैसे भरून चारही आकडे सारखे घेतात त्यांच्यात फक्त ४४४४ आणि ८८८८ पास होतात, २२२२ आणि ६६६६ शेवटच्या पायरीला पडतात अन् बाकीचे पाच दुसऱ्याच आकड्याला. आपला जीपीओचा पिन कोड ४४०००१ पण करून पाहिला मी, तिसऱ्या आकड्यावर अडकतो, ४४० ला ३ नं भागलं की २ उरतात.